नागपुरात पाळीव उंदीर: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पांढरे किंवा रंगीत पाळीव उंदीर घरी आणायचेत, किंवा पोराच्या हट्टापायी आणून झालेत आणि आता पुढे काय करायचं सुचत नाहीये, अशा नागपूरकर घरांसाठी हे लिहिलंय. उंदीर पाळण्याची बरीचशी माहिती थंड देशातल्या लोकांनी लिहिलेली असते, त्यात हिवाळ्यात खोली उबदार कशी ठेवायची ते सांगतात, आपला प्रश्न नेमका उलटा आहे. म्हणून उन्हाळ्यावर इथे सगळ्यात जास्त लिहिलंय, ते आधी वाचा, पिंजरा आणि खाणं नंतर वाचलं तरी चालते.

हे घरात शिरणाऱ्या उंदरासारखेच ना? मग पाळायचे काहून?

जात तीच आहे, छोटा घर-उंदीर, इंग्रजीत ज्याला माऊस म्हणतात तो, पण पाळीव उंदीर पिढ्यानपिढ्या माणसाच्या हातात वाढलेले आहेत. इंग्लंडमध्ये तर १८९५ पासून त्यांचा क्लब आहे, कुत्र्यांचे शो होतात तसे उंदरांचे शो होतात, रंग बघतात, कान बघतात, शेपटी बघतात. पांढरे, काळे, चॉकलेटी, ठिपक्यांचे, लांब केसांचे, सगळे मिळतात, आपल्याकडे मात्र जास्त करून लाल डोळ्यांचे पांढरेच दिसतात. घूस वेगळी आणि मोठा उंदीर ज्याला रॅट म्हणतात तोही वेगळा, त्या दोघांचा याच्याशी संबंध नाही.

पाळायचे कशासाठी, तर बघायला फार सुंदर प्राणी आहे. घरटं बांधतो, कागद फाडून फाडून त्याचा गोळा करतो, एकमेकांचे केस साफ करतात, रात्री चाकावर पळतात, तुमचा वास ओळखायला लागतात. वजन २५ ते ४० ग्रॅम. पण जीव छोटा आहे म्हणून काम पण छोटं असेल असं समजून आणू नका, रोज अर्धा तास तरी घरातल्या मोठ्या माणसाने द्यायलाच लागतो.

दुकानात "पांढरा उंदीर" म्हणून दिला, दोन महिन्यात वीतभर झाला. असं कसं?

तो रॅटचं पिल्लू होता. हे फार होते, दुकानदाराला सुद्धा कधी कधी फरक माहीत नसतो. घेतानाच नीट बघा, रॅटच्या पिल्लाची शेपटी बुडाशी जाड असते, मागचे पाय शरीराच्या मानाने खूप मोठे दिसतात आणि नाक बोथट असते. माऊसची शेपटी बारीक, कान डोक्याच्या मानाने मोठे, तोंड टोकदार. रॅट वाईट प्राणी नाही, उलट जास्त माणसाळतो, पण त्याला जागा खूप जास्त लागते आणि दोघांना एका पिंजऱ्यात कधीच ठेवायचं नाही, रॅट माऊसला मारून टाकतो.

दुकान निवडताना पिंजऱ्यात वाकून बघा. खाली ओलं असेल, सगळे एका कोपऱ्यात केस फुलवून बसले असतील, कोणाला शिंका येत असतील किंवा नाकातून टिक टिक आवाज येत असेल तर त्या दुकानातून घेऊच नका, कितीही दया आली तरी. २०१८ च्या पेट शॉप नियमांप्रमाणे दुकानाची राज्याच्या पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी पाहिजे, ती आहे का विचारायला लाजू नका. आणि चार आठवड्यांच्या आतलं पिल्लू घ्यायचं नाही.

किती घ्यायचे? एकच घेतला तर चालेल का?

दोन किंवा तीन माद्या घ्या. मादी एकटी राहिली की मलूल होते, तिला सोबत लागतेच, तुम्ही दिवसातून एक तास खेळलात तरी उरलेले २३ तास तिचे एकटीचेच जातात.

नराचं उलट आहे. दोन मोठे नर एका पिंजऱ्यात ठेवले की एक दिवस रक्त निघेपर्यंत भांडतात, भाऊ-भाऊ असले तरी, म्हणून नर असेल तर तो एकटा ठेवावा लागतो आणि त्याला माणसाचा वेळ जास्त द्यावा लागतो. नराचा वासही खूप जास्त येतो. पहिल्यांदा पाळत असाल तर माद्याच घ्या, याच्यात मी दुसरा सल्ला देणार नाही.

आणि नर-मादी जोडी?

नका. खाली पिल्लांचा प्रश्न आहे तो वाचा म्हणजे समजेल.

नर-मादी ओळखायचं कसं, दुकानदार म्हणते "दोन्ही मादीच आहे"?

शेपटीच्या बुडाशी पोटाकडून बघायचं. दोन छिद्रांमधलं अंतर नरात जास्त असते, मादीत अगदी जवळ जवळ असतात. मादीच्या पोटावर स्तनांचे बारीक ठिपके दिसतात, नरात ते दिसत नाहीत. मोठ्या नराच्या अंडगोळ्या चांगल्याच दिसतात, पण घाबरला की त्या आत ओढून घेतो, म्हणून घाईघाईत एकदा बघून ठरवू नका, दोघा-तिघांना शेजारी शेजारी ठेवून बघितलं की फरक लगेच कळतो.

नागपूरच्या उन्हाळ्यात हे टिकतात का खरंच?

टिकतात, पण आपोआप टिकत नाहीत. हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

उंदराला साधारण २० ते २६ डिग्री बरं वाटतं. तिशीच्या वर त्याला त्रास सुरू होतो आणि पस्तिशीच्या वर खोली तासन् तास राहिली तर जीव जाऊ शकतो. आपल्याकडे मे महिन्यात ४५ म्हणजे नेहमीचं, २०१३ च्या मे मध्ये पारा ४७.९ ला गेला होता. उंदराला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही आणि कुत्र्यासारखं धापा टाकून पण त्याला थंड होता येत नाही, शेपटी आणि कानातून थोडी उष्णता बाहेर टाकतो आणि फारच झालं तर अंगाला लाळ चोपडतो, बस एवढंच त्याच्या हातात आहे. बाकी सगळं तुमच्या हातात.

त्याच्यामुळे उंदीर आणायच्या आधी घराकडे बघा. तुम्ही वरच्या मजल्यावर राहता, डोक्यावर स्लॅब तापतो, दुपारी घरी कोणी नसतं आणि कुलर बंद असतो, असं असेल तर एप्रिल-मे मध्ये उंदीर आणू नका आणि आणायचेच असतील तर आधी थंड खोलीची सोय करा. खालच्या मजल्यावरची आतली खोली, पश्चिमेची भिंत नसलेली, फरशीवर पिंजरा, ही सगळ्यात चांगली जागा. गॅलरी, टिनाचा शेड, खिडकीचा कट्टा, बंद गाडी, या जागा नाहीच. सकाळी सावली असते म्हणून गॅलरीत ठेवला आणि अकरा वाजता ऊन तिथे आलं, असं होऊन लोकांचे उंदीर गेलेत.

एसी असेल तर २६ वर ठेवा आणि हवा पिंजऱ्यावर सरळ येऊ देऊ नका. नसेल तर पुढे वाचा. पण आधी पैशाचा विचार न करता भिंतीवरचं एक साधं थर्मामीटर घ्या आणि पिंजऱ्याशेजारी लावा, कारण खोली "बरी वाटून राहिली" हे तुमच्या अंगाचं मत आहे, तुम्ही पंख्याखाली घाम वाळवत बसलेले असता. पंख्याने उंदीर थंड होत नाही, त्याला घामच नाही तर पंखा काय वाळवणार.

कुलरसमोर ठेवला तर?

समोर नाही, त्याच खोलीत पण बाजूला. एप्रिल-मे मध्ये आपली हवा कोरडी असते तेव्हा कुलर मस्त काम करते, खोली सात-आठ डिग्री सहज खाली येते, पण सरळ झोत अंगावर आला की उंदराला सर्दी-फुफ्फुसाचा त्रास सुरू होतो. दुसरं म्हणजे कुलरमुळे अंथरूण दमट होते आणि दमट अंथरुणात लघवीचा अमोनिया लवकर चढतो, म्हणून कुलरच्या दिवसात साफसफाई वाढवा. खोलीची एक खिडकी थोडी उघडी पाहिजे नाही तर नुसता दमटपणा कोंडतो.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला की कुलरचा उपयोग संपतो. मृगाचे चार थेंब पडले आणि पुन्हा ऊन निघालं की जी घामट उकाडा होते, ते दिवस मला नवतप्यापेक्षा पण धोक्याचे वाटतात, कारण माणसं निर्धास्त झालेली असतात आणि तापमान ३७-३८ असते आणि कुलर नुसती वाफ फेकत असते. तेव्हा कुलरचं पाणी बंद करून हवा फिरायला नुसता पंखा चालवा आणि खालचे थंडाव्याचे उपाय चालू ठेवा.

एसी नाही, लाईट पण जाते. अजून काय करता येईल?

प्लास्टिकच्या बाटलीत पाणी भरून गोठवा, जाड टॉवेलच्या तुकड्यात गुंडाळा आणि पिंजऱ्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे त्याला पाहिजे तेव्हा जवळ येईल, नको तेव्हा लांब जाईल. दोन-तीन बाटल्या फिरत्या ठेवायच्या, एक वितळली की दुसरी. उघडा बर्फ आत टाकू नका, सगळं ओलं होते.

पिंजऱ्यात फरशीचा एक तुकडा ठेवा, त्यावर ते पोट टेकवून आडवे पडतात. मातीचं छोटं मडकं आडवं करून ठेवलं तर त्याच्यासारखं घर नाही, मडकं बाहेरून ओलं करायचं, आतून नाही. ओलं पोतं पिंजऱ्याच्या एका बाजूला लटकवता येते पण हवा यायला दुसरी बाजू मोकळी ठेवा. काचेचा फिश टँक उन्हाळ्यात वापरू नका, त्यात हवा फिरतच नाही.

लू लागली हे कसं ओळखायचं, आणि मग काय करायचं?

हातपाय पसरून आडवा पडलेला, श्वास जोरजोरात, हनुवटी आणि छाती लाळेने ओली, हात लावला तरी पळत नाही, तोल जातोय. लगेच थंड खोलीत न्या, साध्या नळाच्या पाण्याने कान, शेपटी आणि पाय ओले करा. फ्रीजचं पाणी नाही, बर्फ नाही, बुडवायचं तर अजिबात नाही, एकदम गार केलं तर धक्का बसतो. शुद्धीत असेल तर तोंडाजवळ पाण्याचा थेंब धरा, स्वतः चाटला तर ठीक, ड्रॉपरने तोंडात सोडू नका कारण पाणी फुफ्फुसात जाते. आणि सावरल्यासारखा वाटला तरी डॉक्टरला दाखवा.

हिवाळ्यात?

सोपं आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्री दहाच्या खाली जाते तेव्हा कागदाचं भरपूर अंथरूण द्या, घरटं ते स्वतः बांधतात. बल्ब लावून ठेवू नका, पांढऱ्या उंदराच्या लाल डोळ्यांना उजेड सोसत नाही. कापूस पण नको, त्याचे धागे पायाला गुंडाळले जातात आणि पाय सुजतो.

पिंजरा कसा पाहिजे?

पोपटाचा पिंजरा चालत नाही, गजांमधून पाच मिनिटात बाहेर येतो. फट पाव इंचापेक्षा जास्त नको, पिल्लं असतील तर अजूनच कमी. रजया ठेवायचा मोठा प्लास्टिकचा डबा घ्या, साधारण ६० बाय ४० सेंटीमीटर, झाकणाचा आणि एका बाजूचा मोठा भाग कापून तिथे हार्डवेअरवाल्याकडची पाव इंची चौकोनी जाळी नट-बोल्टने बसवा, तीन माद्यांना पुरतो. जाळीचे टोचणारे टोक आत राहू देऊ नका. तळाला जाळी नको, पायाला जखमा होतात.

आत एक चाक पाहिजेच, पण भरीव पृष्ठभागाचं आणि कमीत कमी १५ सेंटीमीटर व्यासाचं, लहान चाकावर पाठ वाकडी होते आणि गज-गज असलेल्या चाकात शेपटी अडकते. बाकी खेळण्यांना पैसे लागत नाहीत, टिश्यूचे रिकामे रोल, अंड्यांचा कागदी ट्रे, सुतळी नको पण जाड दोरी, बांबूचा तुकडा. दात जन्मभर वाढतात म्हणून कुरतडायला लाकूड लागतेच, औषध न मारलेल्या पेरूच्या वाळक्या काड्या बऱ्या पडतात.

लकडगंजातून लाकडाचा भुसा फुकट मिळून राहिला, तो टाकू का खाली?

नको. आरा मशीनचा भुसा म्हणजे बारीक पीठ असते, ते नाकात जाते आणि उंदराची फुफ्फुसं तशीच नाजूक. वर त्यात कोणकोणतं लाकूड आहे, कोणाला वाळवीचं औषध मारलंय, पॉलिश आहे का, काही कळत नाही. पाईन आणि सीडरचा वासाचा भुसा दुकानात पाकिटात मिळतो तोही कच्चा असेल तर घेऊ नका, त्याच्या वासाने श्वासाचा आणि लिव्हरचा त्रास होतो.

साधा पांढरा कागद श्रेडरमधून काढलेला सगळ्यात चांगला, झेरॉक्सवाल्याकडे किंवा ऑफिसात सांगून ठेवलं तर पिशवीभर मिळतो. त्यात स्टेपलच्या पिना आहेत का ते बघून घ्या. टिश्यू पेपर, कोरडं स्वच्छ तणस म्हणजे धानाचा पेंढा पण चालते, भंडारा-गोंदियाकडे कोणी नातेवाईक असतील तर तणसाला तोटाच नाही. तणस आणल्यावर दोन दिवस कडक उन्हात वाळवा म्हणजे किडे निघतात. अंथरुणाचा थर निदान तीन-चार इंच द्या, त्यांना खणायला आवडते.

वास येते, घरचे वैतागले. रोज पिंजरा धुवू का?

धुवू नका, रोज धुतल्याने वास वाढतो. उंदीर आपल्या वासावर घर ओळखतो, सगळा वास पुसला की तो घाबरून पुन्हा सगळीकडे जास्त लघवी करतो, नर तर फारच. त्याऐवजी रोज लघवीचा कोपरा तेवढा काढा, आठवड्यातून एकदा दोन तृतीयांश अंथरूण बदला आणि घरट्यातला थोडा जुना कागद परत ठेवा. डबा पातळ व्हिनेगर किंवा साध्या भांड्याच्या साबणाने धुवून खडखडीत वाळवा.

फिनाईल, डांबर गोळ्या, रूम फ्रेशनर, मच्छर कॉइल, धूप, यातलं काहीही त्या खोलीत नको. मनपाची फॉगिंगची गाडी आली की खिडक्या बंद करून पिंजरा आतल्या खोलीत न्या.

खायला काय द्यायचं? आमच्याकडे तयार पेलेट मिळत नाही.

उंदरांचे पेलेट म्हणजे तयार खाद्याच्या गोळ्या मिळाल्या तर उत्तम, नाही मिळाल्या तर इतवारीच्या धान्य दुकानात सगळं मिळतं. ज्वारी, बाजरी, गहू आणि साधे ओट्स हे मुख्य, त्यात थोडी जवस. फुटाणे किंवा उकडलेले चणे प्रोटीनसाठी, आठवड्यातून दोनदा उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा, पिल्लं पाजणारी मादी असेल तर रोज. शेंगदाणा आणि सूर्यफूल बी त्यांना वेड लावते पण चरबी फार, दिवसाला एखादा दाणा बस. एका उंदराला दिवसाला चार-पाच ग्रॅम खाणं पुरते, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा. वाटीत टाकण्यापेक्षा अंथरुणात विखरून द्या, शोधून खाण्यात त्यांचा वेळ चांगला जातो.

भाजीत काकडी, गाजर, मटार, मेथी, कोथिंबीर, बोटाच्या पेराएवढा तुकडा, आणि उरलेलं संध्याकाळी काढून टाका, उन्हाळ्यात तर दोन तासातच काढा, नासते.

पावसाळ्यात शेंगदाणे आणि मक्यावर लक्ष ठेवा. दमट झाले की बुरशी धरतात आणि त्या बुरशीचं विष, ज्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात, ते लिव्हर खराब करते. काळपट, खवट वासाचा एक दाणा दिसला तरी सगळी पुडी फेका.

कच्चा कांदा, लसूण, चॉकलेट, कच्चा राजमा, बिस्किट, शेव-चिवडा, तर्री पोह्यातला पोहा पण, देऊ नका. उंदराला उलटी करता येत नाही, जे पोटात गेलं ते गेलं.

संत्रं चालते का? घरात पेटीच पडलेली असते.

चालते, पण एका फोडीचा एक छोटा तुकडा, आठवड्यातून एकदा. संत्र्याच्या सालीतलं लिमोनिन किडनी खराब करते म्हणून संत्रं बंद असं बऱ्याच ठिकाणी सांगतात, ते नर रॅटच्या बाबतीत खरं आहे, माऊसमध्ये तो त्रास होत नाही. तरी साल काढूनच द्या कारण सालीवर फवारणी असते, आणि जास्त दिलं की आंबटाने आणि साखरेने पोट बिघडते.

पाणी वाटीत की बाटलीत?

गोळीवाल्या बाटलीत, म्हणजे जिच्या नळीच्या तोंडाशी छोटी गोळी असते आणि ती चाटली की थेंब येतो. वाटीत कागद पडतो, पाणी शोषलं जाते आणि प्यायला उरत नाही. एक उंदीर दिवसाला पाच-सात मिलीच पाणी पितो पण ते एक दिवस नाही मिळालं तर उन्हाळ्यात मरतो, म्हणून रोज पाणी बदला आणि रोज गोळी बोटाने दाबून थेंब येतो का बघा. मे महिन्यात दोन बाटल्या लावा.

हातात घेतला की चावते. मुलगी आता घाबरते.

वरून हात घालून पकडत असाल. त्याच्यासाठी वरून येणारा हात म्हणजे घार. आणि शेपटीने उचलत असाल तर ते आजच बंद करा. इंग्लंडच्या लिव्हरपूल विद्यापीठातल्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी २०१० मध्ये हेच तपासलं होतं, शेपटीने उचललेले उंदीर माणसाला बघून लांब पळायचे, नळीत घेऊन किंवा ओंजळीत उचललेले मात्र स्वतःहून हाताजवळ यायचे आणि त्यांची भीती कमी व्हायची.

तुम्ही पण तसंच करा. पहिले दोन-तीन दिवस हातच लावू नका, नुसतं शेजारी बसून हळू बोला. मग हात पिंजऱ्यात खाली, सपाट ठेवा, तळहातावर बाजरीचे दाणे. तो येईल, हुंगेल, पळेल, परत येईल. नंतर टिश्यूचा रोल समोर धरा, आत शिरला की रोलसकट उचला आणि ओंजळीत सोडा. हाताला खाण्याचा वास असेल तर बोट चाखून बघतो, म्हणून आधी हात धुवा. मुलांनी कायम जमिनीवर बसूनच हातात घ्यायचा, टेबलावरून पडला तर पाठीचा मणका मोडतो. सहा-सात वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातात देऊ नका, ते प्रेमाने पण घट्ट दाबतात.

रात्रभर खुडबुड करतात, झोपू देत नाही.

रात्रीचाच प्राणी आहे, सवय बदलत नाही. झोपायच्या खोलीत ठेवू नका.

चार उंदीर आणले, महिन्याभरात सतरा झाले. आता?

आधी आजच्या आज नर वेगळे करा, मग पुढचं वाचा. मादीचे गाभणपणाचे दिवस १९ ते २१ असतात, एका वेळेला सहा ते बारा पिल्लं होतात, आणि ज्या दिवशी बाळंत होते त्याच दिवशी ती पुन्हा गाभण राहू शकते. नर सोबत असला तर दर तीन-चार आठवड्यांनी नवीन वेत, आणि पिल्लं पाच-सहा आठवड्यांत स्वतः गाभण राहायला तयार. दुकानातून आणलेली मादी पण बरेचदा आधीच गाभण असते कारण तिथे सगळे एकत्र ठेवलेले असतात.

पिल्लं झाली की पहिले चार-पाच दिवस घरट्याला हात लावू नका, डोकावू नका, शेजारच्या पोरांना दाखवायला बोलावू नका, आई घाबरली तर पिल्लं खाऊन टाकते. नुसतं पाणी आणि जास्तीचं खाणं द्या. आठवड्यात केस येतात, दोन आठवड्यांनी डोळे उघडतात, तिसऱ्या आठवड्यात दाणे खायला लागतात. चार आठवडे झाले की नर पिल्लं आई-बहिणींपासून वेगळी करायचीच, एक दिवसही उशीर नको.

आणि जास्त झाले म्हणून अंबाझरीच्या झाडीत किंवा सोनेगावच्या मोकळ्या मैदानात सोडून येऊ नका. पांढरा उंदीर बाहेर एक रात्र काढत नाही. ओळखीत, नीट विचारपूस करून, एका घरी एकाच लिंगाचे द्या.

आजारी आहे हे कळते कसं?

केस फुललेले, पाठ कमान केलेली, डोळे अर्धे मिटलेले, सगळे खेळत असताना हा कोपऱ्यात. हे दिसलं म्हणजे तो आज नाही तर चार दिवसांपासून आजारी आहे, उंदीर दुखणं लपवतो. म्हणून दर रविवारी किचनच्या डिजिटल काट्यावर वजन करा आणि लिहून ठेवा, वजन सगळ्यात आधी बोलते.

सगळ्यात जास्त त्रास फुफ्फुसाचा, श्वासासोबत टकटक आवाज, शिंका, नाकाभोवती लालसर ओलं. ते लाल बरेचदा रक्त नसते, डोळ्यामागच्या ग्रंथीचा रंग असतो, पण ताणाचं किंवा आजाराचं लक्षण आहेच. खाज आणि खरुज माइट्स नावाच्या बारीक किड्यांमुळे होते. वय झालेल्या माद्यांना स्तनाच्या गाठी येतात आणि त्या काखेत, मानेजवळ, कुठेही दिसू शकतात. दात वाढून खाता येत नाही हेही होते. यातल्या कशालाच घरच्या डब्यातली गोळी देऊ नका, तीस ग्रॅमच्या जिवाला माणसाच्या गोळीचा कणसुद्धा जास्त होतो.

नागपुरात दाखवायचं कुठे?

सगळेच पेट डॉक्टर उंदीर बघत नाहीत, म्हणून उंदीर आणायच्या आधी दोन-तीन ठिकाणी फोन करून "छोटे रोडंट बघता का" विचारून ठेवा. सेमिनरी हिल्सला नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, माफसू म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचं, तिथल्या दवाखान्यात पण आधी विचारून जा. नेताना छोटा डबा, त्यात त्याच्याच घरट्याचा कागद, काकडीचा तुकडा, आणि उन्हाळ्यात सकाळी लवकर. गाडीच्या डिक्कीत नाही.

माणसाला रोग होते का?

स्वच्छ ठेवलेल्या पाळीव उंदरापासून भीती कमी, पण शून्य नाही. हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, तोंडाजवळ न्यायचा नाही, पिंजरा स्वयंपाकघरात नाही आणि किचनच्या सिंकमध्ये धुवायचा नाही. घरात कोणी गरोदर असेल तर पिंजऱ्याची सफाई दुसऱ्याने करावी, उंदरांमधून एलसीएम नावाचा विषाणू येऊ शकतो आणि तो पोटातल्या बाळाला धोक्याचा आहे. दम्याच्या माणसाला त्यांच्या लघवीतल्या प्रथिनाची अॅलर्जी असू शकते, आधी कोणाकडे तरी तासभर बसून बघा. चावला आणि रक्त आलं तर साबण-पाण्याने भरपूर धुवा आणि डॉक्टरांना दाखवा, धनुर्वाताचं इंजेक्शन लागते का ते डॉक्टर सांगतील.

बाहेरचा उंदीर पकडून पाळायचा मात्र नाहीच, लेप्टोसारखे रोग तिकडून येतात आणि त्या बिचाऱ्याचं पिंजऱ्यात मन कधीच लागत नाही.

घरात बाहेरचे उंदीर पण आहेत, औषध ठेवलं तर?

विषाच्या वड्या आणि चिकट पट्ट्या घरात ठेवू नका. तुमचा सुटला तर पहिला तोच अडकेल. प्लगमध्ये लावायची उंदीर पळवणारी मशीन पण नको, तिचा आवाज तुम्हाला येत नाही पण तुमच्या उंदराला येतो, त्याला पळायला जागा नाही. भोकं बुजवा, धान्य झाकून ठेवा, अशा घरात पिंजरा फरशीवर नको, भिंतीपासून लांब उंच स्टँडवर ठेवा, रात्री बाहेरचे उंदीर जाळीजवळ येऊन आजार देऊन जातात.

मारबत, गणपती, दिवाळी, आवाजाचं काय?

ढोलाचा जाड आवाज त्यांना आपल्याइतका ऐकू येत नाही, त्यांचे कान वरच्या पट्टीचे, आपल्याला ऐकूच येणार नाहीत इतक्या बारीक आवाजांचे असतात, नर तर मादीसाठी तशा आवाजात गातो. पण हादरा कळतो आणि फटाक्याचा चर्र-फट आवाज जबर लागतो. महाल-इतवारीत मिरवणुकीच्या रस्त्यावर घर असेल तर त्या दिवशी मागच्या खोलीत न्या, पिंजऱ्याखाली जाड गोधडी घाला, जास्तीचा कागद द्या, लपायला मिळालं की शांत होतात. दिवाळीत धुराचा त्रास आवाजापेक्षा मोठा आहे, खिडक्या बंद ठेवा.

आजी म्हणते गणपतीचं वाहन आहे, पिंजऱ्यात कोंडू नका.

आजींचा मान ठेवूनच सांगा की हे पांढरे उंदीर बाहेर जगूच शकत नाहीत, सोडणं म्हणजे मारणं. मोठा पिंजरा दाखवा, त्यांच्या हातून दाणे टाकू द्या. आणि देवघर-स्वयंपाकघरात नको असं त्या म्हणत असतील तर ते ऐका, त्यांचं म्हणणं आरोग्याच्या हिशोबानेही बरोबर आहे.

जगतात किती?

दीड ते अडीच वर्षं. हे मुलांना आणायच्या दिवशीच सांगा. शेवटच्या महिन्यांत हळू होतात, वजन उतरते, चाक सोडतात, तेव्हा खाणं-पाणी जवळ ठेवा, उंच खेळणी काढा, उकडलेलं मऊ द्या. फार त्रासात असेल तर डॉक्टर शांतपणे सोडवू शकतात. गेल्यावर "पळून गेला" असं मुलांना सांगू नका, ते महिनोन् महिने कपाटामागे शोधत बसतात. कुंडीत किंवा अंगणात खोल पुरा, मुलांना सोबत घ्या, रडू द्या. जोडीतली एक गेली तर दुसरीला महिनाभराच्या आत नवीन सोबत बघा, आणि नवीन आलेलीला दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवूनच जवळ आणा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गावाला जायचं, मग?

एक रात्र असेल आणि खोली थंड राहणार असेल तर दोन बाटल्या पाणी आणि भरपूर दाणे ठेवून चालते. त्याच्या वर नाही. मे मध्ये तर एक रात्रही बंद घरात नाही, दारं-खिडक्या लावलेलं घर दुपारी भट्टी होते. सोबत न्यायचा विचार पण सोडा, बस आणि ट्रेनचा उकाडा, धक्के, त्यांना सोसत नाही. ज्यांच्याकडे एसी किंवा चांगला कुलर आहे आणि मांजर नाही अशा शेजाऱ्यांकडे किंवा बहिणीकडे पिंजऱ्यासकट ठेवा. एका कागदावर लिहून पिंजऱ्याला चिकटवा, खाणं किती, कुठला कोपरा साफ करायचा, बाटली कधी बदलायची, लूची लक्षणं काय, डॉक्टरचा नंबर. आणि निघायच्या आदल्या दिवशी त्यांना घरी बोलावून गोठवलेली बाटली टॉवेलमध्ये कशी गुंडाळायची आणि पाण्याची गोळी दाबून कशी बघायची ते त्यांच्या हातून एकदा करून घ्या.